छायाचित्राची पाठ

१४ मे २०२२ या दिवशी न्यूयॉर्कमधल्या ख्रिस्टीज लिलावघरात एका बाईच्या पाठीचं छायाचित्र विकलं गेलं, १ कोटी २४ लाख डॉलरांना. त्या वेळच्या दराने सुमारे ९६ कोटी रुपये. लिलावात कोणत्याही छायाचित्राला तोवर एवढी किंमत आली नव्हती. मॅन रे या कलावंताने १९२४ साली पॅरिसमध्ये केलेलं हे चित्र. त्याची प्रेयसी किकी पाठमोरी बसली आहे. डोक्याला कापड गुंडाळलंय, हात पुढे घेतल्यामुळे ते दिसतच नाहीत, आणि उघड्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, व्हायोलिनला असतात तशा दोन काळ्या वळणदार खाचा. बघता बघता बाईचं वाद्य होतं. चित्राचं नाव 'अँग्रचं व्हायोलिन'. अँग्र हा जुना फ्रेंच चित्रकार फावल्या वेळात व्हायोलिन वाजवायचा, म्हणून फ्रेंच लोक कुणाच्याही लाडक्या छंदाला अँग्रचं व्हायोलिन म्हणतात.

हे चित्र तुम्ही आत्ता फोनवर बघू शकता. एक पैसा न देता, हवं तितक्या वेळा, बोटांनी मोठं करून. मग त्या दिवशी कुणीतरी ९६ कोटी मोजले ते कशासाठी?

या प्रश्नाने मला कित्येक दिवस सोडलं नाही. उत्तर शोधताना एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जावं लागतं, किकीच्या पाठीवरून कागदाच्या पाठीवर. घरात जुना फोटो सापडला की आपणही तेच करतो. समोरची माणसं ओळखून झाली की फोटो उलटा करतो. मागे कुठल्या तरी स्टुडिओचा जांभळा शिक्का, शाईने लिहिलेली तारीख, कुणाच्या तरी हातचं 'चि. सौ. कां.', एका कोपऱ्यात वाळलेल्या गोंदाचा डाग. पुढची बाजू सांगते फोटोत कोण आहे. तो फोटो स्वतः कोण आहे, हे मागची बाजू सांगते. लिलावात विकला जातो तो हा दुसरा.

मॅन रेच्या त्या चित्राच्या नंतरच्या प्रिंट्स आहेत. पण २०२२ मध्ये विकली गेली ती प्रिंट त्याने निगेटिव्ह काढली त्याच काळात, स्वतःच्या हाताने केलेली होती, आणि १९६२ मध्ये एका अमेरिकन जोडप्याने ती खुद्द त्याच्याकडून घेतली होती. म्हणजे कलावंताच्या हातून ते लिलावाच्या टेबलापर्यंत मधे एकच घर. या व्यवहारातली माणसं अशा प्रिंटला 'व्हिंटेज' म्हणतात. फोटो घेतल्यावर थोड्याच वर्षांत, फोटो घेणाऱ्याने किंवा त्याच्या नजरेखाली काढलेली प्रिंट. त्याच निगेटिव्हची तीस वर्षांनी काढलेली प्रिंट तेवढीच सुंदर असेल, कदाचित जास्त स्वच्छही असेल, पण भाव कितीतरी कमी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा निव्वळ हौशी लोकांचा हट्ट वाटला होता. एका चंद्राची गोष्ट वाचली आणि मत बदललं.

१९४१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा छायाचित्रकार न्यू मेक्सिकोत सांताफेकडे मोटारीने परतत होता. सोबत लहान मुलगा आणि एक मित्र. रस्त्याकडेला हर्नांडेझ नावाचं छोटं खेडं लागलं. एक चर्च, त्यापुढे कबरस्तान, मावळत्या उन्हात उजळलेले पांढरे क्रूस, मागे बर्फाची डोंगररांग आणि वर नुकताच चढलेला चंद्र. अ‍ॅडम्सने गाडी रस्त्याकडेला घातली आणि सगळ्यांनी धावाधाव करून तो अवजड कॅमेरा उभा केला. प्रकाश मोजायचं मीटर काही सापडेना. ऊन तर क्रूसांवरून उतरायच्या बेतात. तेवढ्यात त्याला आठवलं की चंद्राची उजळता ठाऊक असलेली गोष्ट आहे, चौरस फुटाला २५० कँडल. तेवढ्या आकड्यावर मनातल्या मनात गणित करून त्याने एक फोटो घेतला. दुसरा घेण्यासाठी फिल्मची पेटी उलटी करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं.

एकच निगेटिव्ह, आणि तीही अवघड. खालचा जमिनीचा भाग इतका फिका की १९४८ मध्ये अ‍ॅडम्सने तेवढाच भाग पुन्हा रसायनात घालून गडद केला. या एका निगेटिव्हवरून त्याने आयुष्यभरात हजाराहून जास्त प्रिंट्स काढल्या. आणि त्या एकसारख्या नाहीत! सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश राखाडी आहे, त्यात ढगांच्या पुसट रेघा आहेत. पुढे पुढे आकाश काळं होत जातं, आणि १९७० च्या दशकातल्या प्रिंट्समध्ये चंद्र जवळजवळ निखळ काळोखात लटकतो. अंधाऱ्या खोलीत, वरून पडणाऱ्या उजेडाखाली, हातात पुठ्ठ्याचा तुकडा धरून तो कुठे उजेड अडवायचा, कुठे जास्त वेळ पडू द्यायचा. प्रत्येक प्रिंटसाठी हाताचा तो नाच नव्याने करावा लागे. अ‍ॅडम्स मुळात पियानोवादक होण्यासाठी शिकलेला. निगेटिव्हला तो स्वरलिपी मानायचा आणि प्रिंटला वादन. आपल्या भाषेत, निगेटिव्ह ही बंदिश आणि प्रिंट ही मैफल. तीच बंदिश गवयाने पंचविशीत गायली आणि सत्तरीत गायली, तर दोन्ही ध्वनिमुद्रणं एकच आहेत असं आपण म्हणतो का?

जाता जाता याच चित्राची एक आणखी गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोटो कधी घेतला हे अ‍ॅडम्सला नीट आठवतच नव्हतं. वेगवेगळ्या ठिकाणी त्याने वेगवेगळी सालं दिली. शेवटी खगोलशास्त्रज्ञांनी चित्रातल्या चंद्राची जागा मोजून तारीख काढली. पहिलं उत्तर आलं ३१ ऑक्टोबर १९४१. मग डेनिस डी चिको याने प्रत्यक्ष जागेवर जाऊन कॅमेरा नेमका कुठे उभा असेल हे शोधलं आणि ते उत्तर सुधारलं: १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं २० सेकंद. माणूस तारीख विसरला होता, पण त्याने टिपलेला चंद्र घड्याळ सांभाळून बसला होता.

एका निगेटिव्हच्या हजार प्रिंट्स निघू शकतात ही छायाचित्राची ताकद. पण विकायला बसलं की तीच त्याची अडचण होते. चित्रकाराचं चित्र एकच असतं. छायाचित्रकाराला 'एकच' किंवा 'इतकेच' हे वचन द्यावं लागतं, आणि त्या वचनाला 'एडिशन' म्हणतात. प्रिंटच्या मागे पेन्सिलने ३/१० लिहिलेलं असलं की अर्थ असा, की या आकाराच्या आणि या पद्धतीच्या दहाच प्रिंट्स निघतील आणि ही त्यातली तिसरी. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराच्या 'ऱ्हाइन २' ची एडिशन सहाची. साडेतीन मीटरहून रुंद चित्र, त्यात फक्त हिरवं गवत, राखाडी नदी, पुन्हा हिरवं गवत आणि ढगाळ आकाश. पलीकडच्या काठावरची कारखान्याची इमारत आणि कुत्रा फिरवणारा माणूस त्याने संगणकावर पुसून टाकले. सहापैकी काही प्रिंट्स मोठ्या संग्रहालयांत गेल्या. त्या आता बाजारात येणार नाहीत. उरलेल्यांपैकी एक २०११ मध्ये ४३ लाख ३८ हजार ५०० डॉलरांना गेली. एडिशनचा आकडा सहाच राहतो, पण विकत घेता येण्यासारख्या प्रिंट्स वर्षागणिक कमी होत जातात.

हे वचन नेमकं किती पक्कं असतं? २०१२ मध्ये ख्रिस्टीजने विल्यम एगल्स्टन या छायाचित्रकाराच्या ३६ नव्या, मोठ्या, डिजिटल प्रिंट्स विकल्या आणि त्यांतून ५९ लाख डॉलर जमले. त्यात मेम्फिसमधल्या तीनचाकी सायकलचं त्याचं जगप्रसिद्ध चित्र होतं. या चित्राची जुन्या डाय ट्रान्स्फर पद्धतीची वीसच प्रिंट्सची एडिशन आधी निघाली होती, आणि त्यांपैकी एक ज्याच्याकडे होती तो संग्राहक न्यायालयात गेला. वीसच म्हणाला होतात, मग ही एकविसावी कुठून आली? न्यायालयाने दावा फेटाळला. आकार वेगळा, पद्धत वेगळी, म्हणून ही वेगळी एडिशन. कायद्याने ते बरोबर असेल. तरी माझं मन त्या संग्राहकाच्या बाजूने आहे. जो छायाचित्रकार आज पहिल्यांदा आपली चित्रं लिलावाला ठेवतोय त्याला मी एवढंच सांगेन, की 'दहा' लिहिताना मनात कायमचे दहा ठेव. आकार, कागद, शाई, वर्ष, सगळं लिहून दे, आणि मोठ्या आकारात पुन्हा काढण्याचा विचार असेल तर तेही आजच लिहून दे. पाठीवरचा तो अपूर्णांक ही तुझी सहीच आहे.

आता पडद्याकडे, म्हणजे ऑनलाइन लिलावाकडे येऊ, कारण खरं आश्चर्य तिथे आहे.

लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या 'लैलांव'चा आपण लिलाव केला. समुद्रकिनारी उतरलेला माल, भोवती जमलेली माणसं, एक वार, दोन वार, तीन वार. माल समोर असायचा. हातात घ्या, वास घ्या, उजेडात धरा, मग बोली लावा. ऑनलाइन लिलावात नेमकं हेच जातं. छायाचित्राच्या बाबतीत तर एक विलक्षण उलटापालट होते. पडदा जे दाखवतो ते चित्र. ते तर सगळ्यांना फुकट आहे. आणि जे विकलं जातंय, म्हणजे कागद, त्याची जाडी, त्यावरची चांदी, त्याची पाठ, ते पडद्यावर दिसत नाही. फोनवर तळहाताएवढी प्रिंट आणि भिंतीएवढी प्रिंट सारखीच दिसते. पडदा आतून उजळतो, कागद बाहेरचा उजेड परत फेकतो. प्लॅटिनमच्या प्रिंटमधला मखमली काळा आणि जिलेटिनच्या प्रिंटमधला चकचकीत काळा हे दोन वेगळे काळे आहेत, पण पडद्याजवळ काळा एकच.

मग हजारो मैलांवरून लोक बोली लावतात ती कशाच्या भरवशावर? शब्दांच्या. मला हे फार सुंदर वाटतं. दृश्याचा सगळा व्यापार शेवटी वर्णनावर उभा आहे. प्रत्येक प्रिंटसोबत स्थितीचा अहवाल असतो आणि तो डॉक्टरच्या कागदासारखा वाचावा लागतो. कोपरा दुमडलाय का, डोळ्याला सहज न दिसणारी घडी आहे का, तपकिरी ठिपके आहेत का. हे बघायला प्रिंट तिरप्या उजेडात धरतात. समोरून गुळगुळीत वाटणाऱ्या कागदावर बाजूने उजेड टाकला की सगळ्या सुरकुत्या उठून दिसतात. जुन्या प्रिंटच्या कडांना कधी कधी निळसर, आरशासारखी झाक येते. चित्रातली चांदीच वर्षानुवर्षं हवेतल्या वायूंनी सुटत सुटत पृष्ठभागावर येऊन बसलेली असते. म्हटलं तर हा दोष. पण मुरलेला खरेदीदार ती झाक बघून मनात सुखावतो, कारण असं वय सहसा खोटं आणता येत नाही.

आणि खोटं आणायचे प्रयत्न होतातच. लुइस हाइन या छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. बालमजुरीविरुद्धच्या कायद्यांमागे त्या फोटोंचा मोठा वाटा आहे. तो १९४० मध्ये वारला. पुढे त्याच्या म्हणून, त्याच्या सहीच्या, बऱ्याच 'व्हिंटेज' प्रिंट्स बाजारात फिरू लागल्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी संशय आला, आणि पॉल मेसिये या कागद-तज्ज्ञाने त्या अतिनील दिव्याखाली धरल्या. काही प्रिंट्स निळ्या-पांढऱ्या उजळल्या. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात, तसंच द्रव्य फोटोच्या कागदातही घालू लागले, पण ते १९५० च्या दशकाच्या मध्यानंतर. वारलेल्या माणसाने पंधरा वर्षांनंतर निघालेल्या कागदावर प्रिंट कशी काढावी? चित्र निर्दोष होतं, सही होती, आणि तरीही कागदाने अंधारात चमकून खरं काय ते सांगितलं. मेसियेने पुढे जगभरातल्या जुन्या फोटो-कागदांचे हजारो नमुने जमवले, कुठल्या कंपनीचा कुठल्या साली कसला पोत होता हे ओळखता यावं म्हणून. तो संग्रह आता येल विद्यापीठात आहे. म्हणून ऑनलाइन खरेदी करणाऱ्याने पहिली मागणी करावी ती प्रिंटच्या पाठीच्या फोटोची. विकणाऱ्याने मागायच्या आधीच तो द्यावा.

वस्तूवर विश्वास बसला, की उरतं घड्याळ. इथेही एक जुनी चतुराई नव्या कपड्यांत उभी आहे.

१९९५ च्या सप्टेंबरात पिएर ओमिदियारने घरबसल्या एक लिलावाची साइट काढली. पुढे तिचं ईबे झालं. तिच्यावर पहिली विकली गेलेली वस्तू म्हणून सांगतात ती एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. अशा साइटवर तुम्ही बोली लावता तेव्हा खरं तर तुमची वरची मर्यादा एका यंत्राच्या कानात सांगता. समजा एका प्रिंटसाठी तुम्ही ५०,००० सांगितले आणि तुमच्याखालच्या माणसाने ३२,०००. एक पायरी हजाराची असेल तर प्रिंट तुम्हाला ३३,००० ला मिळते. तुमचे पन्नास हजार कुणालाच कळत नाहीत. आपल्या बाजारांतल्या हत्ता पद्धतीत अडते रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि शेतकऱ्याला त्यातलं काही कळायचं नाही, म्हणून ती बदनाम झाली. इथेही एक रुमाल आहे, पण त्याखालचा हात गणिताचा आहे.

हे गणित विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलं. सगळ्यांनी गुप्त बोली लावायची, सर्वांत मोठी बोली जिंकणार, पण पैसे मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढे द्यायचे. वाटतं की यात विकणाऱ्याचं नुकसान. पण बघा, तुमची बोली फक्त जिंकणार की नाही ते ठरवते, किती द्यायचे ते नाही. त्यामुळे मनातला खरा आकडा लपवून काहीच फायदा उरत नाही. खरं सांगणं हाच सर्वांत शहाणपणाचा डाव होतो. विकरीला १९९६ चं नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी तो वारला. तसा हा डाव त्याच्याही आधीचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टपाल तिकिटांचे व्यापारी दूरगावच्या गिऱ्हाइकांकडून टपालाने बोल्या मागवत आणि याच नियमाने विक्री करत. पुन्हा कागदाचाच माल, न बघता, पत्रावर भरवसा ठेवून घेतलेला.

गणित शुद्ध असलं तरी माणसं शेवटच्या सेकंदाची वाट बघत बसतात. ठरलेल्या वेळेला लिलाव बंद होत असेल तर दिवसभर शांतता, आणि शेवटच्या क्षणी बोल्यांचा पाऊस. आल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, की ठरल्या वेळेला बंद होणाऱ्या ईबेवर ही सवय जोरात होती, आणि शेवटी बोली आली की वेळ वाढवून देणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत ती कितीतरी कमी. कलेची बहुतेक ऑनलाइन लिलावघरं आज हाच दुसरा मार्ग घेतात. शेवटच्या मिनिटांत बोली आली की घड्याळ पुढे सरकतं. एक वार, दोन वार म्हणत थांबणाऱ्या माणसाची ती थांबण्याची कलाच घड्याळाला शिकवली आहे.

जिंकणाऱ्याला मात्र आणखी एक धोका असतो, आणि तो पहिल्यांदा ओळखला मेक्सिकोच्या आखातात तेल शोधणाऱ्या तीन इंजिनिअरांनी, १९७१ मध्ये. समुद्राच्या त्याच तुकड्यात किती तेल आहे याचा प्रत्येक कंपनी अंदाज बांधते; ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच जिंकतो. म्हणजे जिंकणं हाच चुकल्याचा पुरावा असू शकतो. इथे छायाचित्र खरेदी करणाऱ्याला एक सोय आहे जी चित्र घेणाऱ्याला नाही: प्रिंटला भावंडं असतात. त्याच एडिशनची चौथी प्रिंट दोन वर्षांपूर्वी कितीला गेली, हे लिलावांच्या नोंदींत बघता येतं. तेवढं बघावं आणि मगच यंत्राच्या कानात आकडा सांगावा. आणि हातोडा पडला त्या किंमतीवर लिलावघराचा खरेदीदाराकडून घ्यायचा हिस्सा चढतो, मोठ्या घरांत तो पाव भागाच्या आसपास असतो, हे आधीच मनात धरावं.

या सगळ्यात मुंबईचा वाटा थोडा नाही. दिनेश आणि मीनल वझिरानी यांनी २००० साली मुंबईत सॅफ्रनआर्ट सुरू केलं आणि भारतीय कला इंटरनेटवर लिलावाला मांडली. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट कुरकुरत यायचं, एक चित्र पडद्यावर उतरायला चहा पिऊन होईल एवढा वेळ लागायचा, तेव्हाची ही गोष्ट. न बघता चित्र कोण घेईल, असं त्या काळात वाटणं किती साहजिक होतं! वीस वर्षांनी, २०२० च्या जूनमध्ये, सदबीजच्या लिलावात फ्रान्सिस बेकनच्या चित्रासाठी चीनमधून एका माणसाने पडद्यावरून ७ कोटी ३१ लाख डॉलरपर्यंत बोली लावली.

पण छायाचित्रं? मुंबईचं छायाचित्रांशी नातं इंग्लंड-फ्रान्सच्या मागोमाग सुरू होतं. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, आणि तिच्यात भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते, स्वतः उत्तम फोटो काढणारे. त्या काळच्या बहुतेक प्रिंट्स अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर आहेत. आज त्या पिवळट दिसतात ते त्या बलकाच्या म्हातारपणामुळे. आपल्याकडे अशा प्रिंट्सचं काय झालं हे आठवलं की जीव हळहळतो. स्टुडिओ बंद पडले, काचेच्या निगेटिव्ह धुऊन काचा खिडक्यांना बसवल्या गेल्या, अल्बम रद्दीच्या भावाने गेले. जे वाचलं त्यातलं बरंच परदेशात वाचलं, आणि लिलावांमधून. न्यूयॉर्कच्या स्वॉन लिलावघराने १९५२ मध्ये फक्त छायाचित्रांचा लिलाव केला. लंडनमध्ये सदबीजने १९७१ पासून ते नियमित सुरू केले. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी, ज्यांना आपण नाटकासाठी ओळखतो, ते एकोणिसाव्या शतकातली भारताची छायाचित्रं जगभरातून शोधून विकत घेत राहिले. त्यांचा संग्रह सुमारे एक लाख छायाचित्रांचा झाला. एका माणसाने बोली लावून लावून एका देशाची नजर परत आणली, असं मी त्याकडे बघतो.

लिलावामुळे नजर परत येते, तशी ती विखुरतेही. या दोन्ही गोष्टी ज्या एकाच बाईच्या बाबतीत घडल्या, ती व्हिव्हियन मायर. जन्म १९२६, न्यूयॉर्क. शिकागोत चाळीसेक वर्षं लोकांची मुलं सांभाळली. गळ्यात कायम रोलायफ्लेक्स कॅमेरा. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह, आणि दाखवल्या जवळपास कुणालाच नाहीत. म्हातारपणी भाड्याच्या गोदामाचे पैसे थकले आणि २००७ मध्ये तिच्या पेट्या लिलावात निघाल्या. जॉन मालूफ नावाच्या तरुणाला शिकागोवरच्या पुस्तकासाठी जुने फोटो हवे होते. त्याने चारशे डॉलरांच्या आत निगेटिव्हची एक पेटी घेतली. बाकीच्या पेट्या इतरांनी वाटून घेतल्या. हे काय हातात आलंय हे अजून न कळलेल्या मालूफने त्यातल्या काही निगेटिव्ह ईबेवर सुट्या विकायलाही काढल्या. घेणाऱ्यांत अ‍ॅलन सेकुला होता, छायाचित्रकार आणि छायाचित्रांचा मोठा अभ्यासक. पडद्यावरच्या त्या इवल्या चित्रांत त्याने काय आहे ते ओळखलं आणि मालूफला कळवलं: विकणं थांबव, हे काम फोडू नकोस.

मालूफ थांबला. विकलेलं परत गोळा करू लागला, दुसऱ्यांनी घेतलेल्या पेट्या विकत घेऊ लागला. २००९ मध्ये त्याने मायरचं नाव इंटरनेटवर शोधलं तेव्हा मृत्यूची बातमी सापडली. काहीच दिवसांपूर्वी, एप्रिलमध्ये, ती गेली होती. त्याच वर्षी त्याने तिचे फोटो फ्लिकरवर टाकले आणि सगळं जग बघत राहिलं.

आज तिच्या निगेटिव्हवरून पंधरा-पंधराच्या एडिशन निघतात. अंधाऱ्या खोलीत निष्णात हातांनी काढलेल्या, काळ्या-पांढऱ्याच्या सगळ्या छटा सांभाळलेल्या अप्रतिम प्रिंट्स. उलट्या केल्या की मागे शिक्का, आकडा, तारीख आणि मालूफची सही. दुसऱ्या कुणाची असणार? पण त्या पेट्यांमधून तीनेक हजार प्रिंट्स अशाही निघाल्या ज्या मायरच्या हयातीतल्या आहेत. बऱ्याच लहान आहेत. काही तिने स्वतः काढल्या, काही दुकानातून काढून आणल्या. छटा तितक्या नेमक्या नाहीत. लिलावात अशी एखादी आली की मी आधी तिच्या पाठीचा फोटो उघडतो आणि मोठा करत नेतो. बहुतेक वेळा पाठ कोरी असते. कडेला कधीतरी कॅप्शनसारखं काही खरडलेलं, एखादा घडीचा व्रण, आणि कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा जराशी मळलेली, जिथे कुणीतरी ती प्रिंट धरून बराच वेळ बघितली असावी.